रात्याचा दाणा

भोईरकाका चिमट्याने चरबी बाजूला सारतात,
धमनीला जिथे दोन फाटे फुटतात
त्या बेचक्यामागे थांबतात.
"मॅडम, गावला."
मुलं वाकतात. कोणालाच काही दिसत नाही.
काका म्हणतात, कोलम शोधू नका रे पोरांनो,
राता बघा, तांबूस.
आमच्या खारात व्हायचा,
खाऱ्या पाण्यात पाय रोवून उभा राहणारा भात.
आता तिथे सेक्टर एकोणीस आहे.

मग मी शिकवते. बावीस वर्षं हेच शिकवते:
जबड्याच्या कोनाखाली बोटं ठेवा.
ठोका लागतोय ना, तिथेच, खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक,
हा रक्ताच्या वाटेवर बसलेला असतो.
प्राणवायू उतरला की याच्या पेशींची
पोटॅशियमची दारं मिटतात,
आत भार साचतो, कॅल्शियम घुसतं,
पुरचुंड्या फुटतात,
आणि नववी नस निरोप घेऊन वर निघते
मेंदूच्या देठापाशी, श्वासाचा हिशेब चालतो तिथे.
छाती तुम्हाला न विचारता भरते.

पुढचं वाक्य परीक्षेला येतं, म्हणून सावकाश सांगते.
तोळ्याला तोळा लावून पाहिलं
तर सर्वांत जास्त रक्त याच्या वाट्याला येतं.
इतकं, की साठ्याला हात लावायची वेळच येत नाही,
नुसत्या विरघळलेल्या वायूवर याचं भागतं.
म्हणून हा दाब मोजतो.
साठा मोजत नाही.
एक मुलगी "साठा"खाली दोनदा रेघ ओढते.

कोपरखैरण्याला हेरंबने
न्हाणीघराची खिडकी चिकटपट्टीने बंद केली होती.
रात्री दोननंतर कारखान्यांच्या बाजूने वास यायचा,
कधी कुजक्या कोबीचा, कधी नेलपॉलिशचा.
लहानगीला उलट्या व्हायच्या.
नाक शहाणं. ज्याला वास होता त्याला अडवलं.

डिसेंबरचा रविवार. गॅसचा गीझर.
ज्योत पिवळी जळत होती का, कोणी पाहिलं?
ज्याला वास नव्हता तो आतच तयार होत राहिला,
लाल पेशींतल्या जागा बळकावत,
एकेक, एकेक,
आणि बेचक्यातला दाणा
दाब बघत होता. दाब ठीक होता.
दारं उघडी. पुरचुंड्या शाबूत.
नववी नस नेहमीचंच पुटपुटत बसली असेल.

त्याला धाप लागली नसणार.
हे मी सुरुचीला सांगितलं, धीर द्यायला.
ती म्हणाली, म्हणजे गुदमरला असता
तर दार तरी वाजवलं असतं.

पाणी दाराखालून पॅसेजमध्ये आलं
तेव्हा तिने हाक मारली होती.
कोमट होतं, म्हणाली. पायाला बरं वाटलं.

वाशीच्या हॉस्पिटलात आईने त्याच्या गालाला हात लावला.
"बघ, कसा रंग चढलाय. उन्हातून खेळून आल्यासारखा."
मला त्या गुलाबी रंगाचं कारण माहीत होतं.
मी म्हटलं, हो.

नंतर बरेच दिवस मला त्या दाण्याचा राग आला.
भरल्या ताटावर बसलेला पहारेकरी!
कोठार लुटलं गेलं आणि हा जेवतोच आहे.
पण कोठाराची किल्ली
त्याच्याकडे कोणी दिली होती?
जे विचारलं होतं त्याचं उत्तर
तो शेवटपर्यंत बरोबर देत होता.

या वर्षी ते वाक्य आलं तेव्हा मी पाणी प्यायले.
मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं,
"मग कळतच नाही का, मॅडम? कशानेच?"
डोकं दुखतं, म्हटलं. मळमळतं. थकवा येतो.
रविवारी सकाळी कोणालाही येतो तसा.
भोईरकाकांनी ट्रेवर ओलं फडकं टाकलं.

परवा सुरुचीकडे राहिले.
चिकटपट्टी कधीच काढली आहे,
काचेवर डिंकाची कड तेवढी उरली आहे, धुळीने काळी.
दोनला वास आला. कोबीचाच.
"ताई, खिडकी लावू?"
नको, म्हटलं. येऊ दे.